शेल्टरमधलं म्हातारं कुत्रं दत्तक घेताना: निवडीपासून शेवटच्या दिवसांपर्यंत

शेल्टरमध्ये आलेली माणसं आधी पिल्लांपाशी थांबतात. तोंडावरचे केस पांढरे झालेलं कुत्रं मागे कुठेतरी पडून असतं. कुणी जवळ आलं की शेपूट हलवतं, पण उठायला वेळ घेतं, आणि ते उभं राहीपर्यंत माणूस पुढच्या पिंजऱ्याकडे गेलेला असतो. असं कुत्रं घरी आणायचा विचार तुमच्या मनात असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. "आता वय झालं" म्हणून जे जे सोडून दिलं जातं, त्यातलं बरंचसं दुखणं असतं. दुखणं शोधता येतं आणि बहुतेक वेळा कमीही करता येतं. मंद, चिडकं, लोकांपासून लांब राहणारं कुत्रं उपचारानंतर अगदी वेगळं वागायला लागतं.

म्हातारं म्हणजे किती वर्षांचं?

हे आकारावर ठरतं. ग्रेट डेनसारखी अवाढव्य कुत्री सहा-सात वर्षांतच उतारवयाला लागतात, मध्यम आकाराची आठ-नऊच्या आसपास आणि छोट्या जातींची दहा-अकरानंतर. पशुवैद्यक अपेक्षित आयुष्याचा शेवटचा पाव हिस्सा म्हणजे उतारवय, असं धरतात. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं, हा हिशेब मात्र विसरून जा. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉर आणि माणसं यांच्या डीएनएवरच्या वयाच्या खुणा ताडून पाहिल्या. त्यांच्या सूत्रानुसार एक वर्षाचा लॅब्रॅडॉर तिशीच्या माणसाजवळ जातो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडतो आणि दहा वर्षांचा अडुसष्टच्या घरात असतो. म्हणजे वय आधी झपाट्याने वाढतं, मग वेग मंदावतो.

शेल्टरच्या कार्डावरचं वय बहुतेकदा अंदाजाचं असतं. तो अंदाज दात आणि डोळे बघून बांधतात, आणि मोठ्या कुत्र्यात तो दोन-तीन वर्षांनी सहज चुकतो. म्हणून आकड्यापेक्षा शरीराकडे बघा. चांगल्या तब्येतीचं अकरा वर्षांचं कुत्रं सांभाळणं हे लठ्ठ, दात किडलेलं सात वर्षांचं कुत्रं सांभाळण्यापेक्षा सोपं असतं.

आधी आपलं घर आणि आपले दिवस

जिने किती आहेत? फरशी गुळगुळीत आहे का? दिवसाचे किती तास घर रिकामं असतं? मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले तर त्याला उचलणारं कुणी आहे का? घरात आणखी एखादं तरुण, दांडगट कुत्रं असेल तर म्हाताऱ्याला त्याच्यापासून सुटका मिळेल अशी जागा आहे का? घरातल्या सगळ्यांनी बसून ही उत्तरं द्यावीत.

पैशाचंही आधीच बोला. म्हाताऱ्या कुत्र्याचा खर्च खाण्यापेक्षा तपासण्या, दात आणि औषधं यांवर होतो. प्राण्यांचे विमे आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च सहसा देत नाहीत, तेव्हा विम्याच्या भरवशावर राहू नका. काही शेल्टर आजारी किंवा फार म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी कायमस्वरूपी फॉस्टरची सोय ठेवतात: कुत्रं शेवटपर्यंत तुमच्या घरी राहतं, औषधोपचाराचा खर्च शेल्टर उचलतं. ज्यांच्याकडे वेळ आणि माया आहे पण मोठ्या उपचारांचं बळ नाही, त्यांच्यासाठी ही उत्तम वाट आहे. ती विचारायला लाजू नका.

शेल्टरमध्ये काय विचारायचं

पहिला प्रश्न: हे इथे कसं आलं? मालक वारला, घर बदललं, आजारपण आलं अशा कारणांनी सोडलेल्या कुत्र्याचा इतिहास सांगणारं कुणीतरी असतं. रस्त्यावर सापडलेल्याचा नसतो, आणि मग निरीक्षणावरच सगळी भिस्त असते. वैद्यकीय कागद मागा. चालू औषधं कोणती, आल्यावर वजन किती होतं आणि आज किती आहे, लसी कधी झाल्या, नसबंदी झाली आहे का, हे बघा. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या मादीत गर्भाशयात पू होणं आणि स्तनांच्या गाठी या दोन गोष्टी मुद्दाम तपासून घ्याव्या लागतात.

कार्यालयातल्या माणसाशी बोलून झालं की रोज खायला घालणाऱ्या आणि पिंजरा धुणाऱ्या माणसाशी बोला. खरी माहिती त्याच्याकडे असते. सकाळी उठताना कसं करतं? खाताना एकाच बाजूने चावतं का, घास तोंडातून पाडतं का? रात्री ओरडतं का? पिंजऱ्यात घाण करतं की बाहेर नेईपर्यंत थांबतं? पट्टा गळ्यात घालताना मान आखडून घेतं का? जोडीला राहिलेलं दुसरं कुत्रं आहे का? अशी जोडी तोडली तर म्हातारं कुत्रं खाणं सोडू शकतं. आणि शेवटी स्पष्ट विचारा: जमलं नाही तर तुम्ही याला परत घ्याल का? जबाबदार शेल्टर "हो" म्हणतं.

भेटीत काय बघायचं

पिंजऱ्यासमोर उभं राहून काही कळत नाही. गोंगाटाने, वासांनी आणि कोंडल्याने तिथे बरीच कुत्री एकतर गोठून बसतात किंवा सारखी भुंकत राहतात. बाहेर नेऊन चालवायला मागा आणि किमान अर्धा तास तरी घालवा.

चाल बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचे पाय दुखत असतील तर कुत्रं वजन पुढे टाकतं, पाऊल आखूड पडतं, बसताना एक पाय बाजूला काढून बसतं. मांड्या हाताने चाचपून बघा: एक दुसरीपेक्षा बारीक लागली तर तो पाय बरेच महिने कमी वापरात आहे. मागच्या पायांच्या नखांची वरची बाजू घासलेली असेल तर पाय ओढले जातायत. एकाच सांध्यावर सारखं चाटून केस तांबूस झालेले असले तर तेही लक्षात ठेवा.

डोळ्यांत निळसर धुरकट झाक दिसली म्हणून लगेच मोतीबिंदू समजू नका. वयाने भिंग घट्ट होतं तेव्हा दोन्ही डोळ्यांत सारखी झाक येते आणि कुत्र्याला त्यातूनही बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू पांढरा, अपारदर्शक असतो. फरक डॉक्टर सांगतील. कान तपासायला मागून, हवेचा झोत अंगावर जाणार नाही इतक्या अंतरावरून टाळी वाजवा. तोंडाला कुजका वास येत असेल तर हिरड्या आणि दातांची मुळं सडली आहेत असंच धरून चला. अंगावर गाठ लागली तर घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. मऊ, त्वचेखाली सरकणारी गाठ बहुधा चरबीची असते, पण बोटांनी चाचपून कुणालाच खात्री देता येत नाही. सुईने पेशी काढून बघणं हाच मार्ग.

आणि कंबरेला किंवा मानेला हात लावताच गुरगुरणारं कुत्रं "रागीट" असं लिहून बाजूला ठेवू नका. तिथे दुखतंय का, हे आधी तपासायला लावा. माझ्या मते शेल्टरमधल्या म्हाताऱ्या कुत्र्यांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय हाच आहे: दुखण्याची तक्रार स्वभाव म्हणून नोंदली जाते.

डॉक्टरांकडची पहिली भेट

शेल्टरने तपासण्या केल्या असल्या तरी पहिल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जा. रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, लघवी, रक्तदाब आणि शीमधले जंत एवढं किमान हवं. जिथे गोचीडजन्य रोग किंवा हृदयातला जंत आढळतो तिथे त्यांच्या चाचण्याही करून घ्या. मूत्रपिंडाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: मूत्रपिंडाची साधारण तीन-चतुर्थांश क्षमता गेल्यावरच रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. एसडीएमए हा रक्तातला दुसरा घटक त्याआधी वाढू लागतो आणि लघवीची घनताही लवकर इशारा देते, म्हणून लघवीची तपासणी टाळू नका. थायरॉइडचं तसंच आहे. दुसऱ्या कुठल्याही आजारात टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन खाली येऊ शकतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये.

मग डॉक्टरांना थेट विचारा: "याला कुठे दुखतंय?" बरीच कुत्री दवाखान्यात लंगडत नाहीत, भीतीने ताठ उभी राहतात. म्हणून घरी जिना चढताना, झोपेतून उठताना, गाडीत चढताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. शंका राहिली आणि रक्ताचे अहवाल ठीक असले तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वेदनाशामक देऊन वागण्यातला फरक बघता येतो. कुत्रं आपणहून खेळणं उचलायला लागलं, सोफ्यावर चढलं, रात्री शांत झोपलं, तर उत्तर मिळालं. संधिवातासाठी कुत्र्यांची मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधं आहेत, तसंच महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनव्हेटमॅब हे इंजेक्शन आहे. त्याचे दुष्परिणाम, उदाहरणार्थ तोल जाणं किंवा फिट येणं, नोंदले गेले आहेत. ते आधी समजून घ्या आणि पहिल्या डोसनंतर लक्ष ठेवा.

घरातली माणसांची औषधं मात्र कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक चालू असताना स्टेरॉइडही सोबत द्यायचं नाही, म्हणून आधीच्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

दातांबद्दल "आता या वयात भूल कशाला" असं बरेच जण म्हणतात. वय हा आजार नाही. हृदय आणि मूत्रपिंडं तपासून, सलाइन लावून, रक्तदाबावर लक्ष ठेवून दिलेली भूल बहुतेक म्हातारी कुत्री नीट सोसतात. वर्षानुवर्षं तोंडात साठलेला पू मात्र रोज त्रास देत असतो. दातांचे एक्स-रे काढणारा दवाखाना निवडा, कारण निम्मा बिघाड हिरडीखाली असतो. सडलेले दात काढल्यावर बरीच कुत्री आठवडाभरातच जास्त खायला आणि जास्त खेळायला लागतात. दात नसलेलं कुत्रं मजेत जेवतं.

वजन

औषधांइतकंच महत्त्वाचं, आणि यात फक्त आपला निर्धार लागतो. बरगड्या हलक्या हाताने लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ लॅब्रॅडॉर जोड्या लावून जन्मभर अभ्यासले गेले. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री मध्यकाच्या हिशेबाने जवळपास १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांना संधिवाताच्या उपचाराची गरजही उशिरा पडली. शेल्टरमधून उपाशी आलेलं कुत्रं मात्र घाईने भरवू नका. थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. म्हातारपणात प्रथिनं कमी करावीत, हा समज चुकीचा आहे. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर स्नायू टिकवण्यासाठी ती उलट भरपूर लागतात.

घर तयार करणं

कुत्रं येण्याआधी एकदा त्याच्या उंचीवर वाकून घर बघा. गुळगुळीत फरशीवर झोपायच्या जागेपासून पाणी आणि दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया टाका. घसरण्याच्या भीतीने म्हातारी कुत्री पाणी प्यायलासुद्धा उठत नाहीत. जाड बिछाना द्या, कोपरं जमिनीला टेकणार नाहीत इतका. जिन्याला अडसर लावा, सोफ्यासाठी उतार करा, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, रात्रीसाठी मंद दिवा. मागच्या पायांना आधार देणारा मूठवाला हार्नेस मोठ्या कुत्र्यासाठी सुरुवातीपासूनच घ्या. नखं कापलेली ठेवा, लांब नखांनी पंजा वाकडा पडतो. दिसत नसलेल्या कुत्र्यासाठी एकच नियम: सामान हलवायचं नाही.

पहिले दिवस

शेल्टरमधली माणसं तीन-तीन-तीन म्हणतात: तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवडे दिनक्रम कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. म्हाताऱ्या कुत्र्याला बऱ्याचदा याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या दोन-चार दिवसांत ते जवळजवळ सगळा वेळ झोपेल. झोपू द्या. शेल्टरमध्ये त्याला गाढ झोप मिळालेलीच नसते. पाहुणे, आंघोळ, लांबचं फिरणं, सगळं पुढे ढकला. खाणं शेल्टरमध्ये होतं तेच चालू ठेवा आणि बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत थोडा थोडा करा. जुनं नाव माहीत असेल तर तेच ठेवा, ते त्याच्या ओळखीचं आहे.

नवीन कुत्रं पळून जाण्याची भीती पहिल्या आठवड्यांत सर्वांत जास्त असते, आणि म्हातारं कुत्रंही घाबरलं की पळतं. हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना पट्टा लावून न्या. मायक्रोचिप असेल तर नोंद तुमच्या नावावर करून घ्या.

घरातल्या कुत्र्याशी भेट बाहेर, तटस्थ जागी घाला. दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा, मग अंतर कमी करत या. लहान मुलांना शिकवा की झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ऐकू न येणारं कुत्रं दचकून उठतं आणि दचकलेलं तोंड आपोआप चालतं. त्याला उठवायचं तर जवळच्या जमिनीवर पाय आपटा किंवा नाकाजवळ हात धरा. हाताच्या खुणा ते भराभर शिकतं. या वयात शिकवणं पिल्लापेक्षा मला सोपं वाटतं, कारण ते टक लावून बघतं. दोन-तीन मिनिटांचे छोटे धडे, खाऊ हुडकायचे खेळ, एवढं पुरेसं.

घरात लघवी झाली तर

रागावण्याआधी डबकं कुठे आणि केवढं आहे ते बघा. झोपायच्या जागी, कुत्र्याच्या नकळत ओल आली असेल तर ती गळती आहे, आणि नसबंदी झालेल्या माद्यांत ती गोळीने बहुतेक वेळा थांबते. मोठी मोठी डबकी आणि सतत पाणी पिणं दिसलं तर मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा कुशिंग रोग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होणं) असू शकतो. २४ तासांत प्यायलेलं पाणी मोजा. किलोमागे १०० मिलिलिटरहून जास्त झालं तर लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. कधीकधी कारण एवढंच असतं की पाय दुखतात आणि दारापर्यंत वेळेत पोचता येत नाही. पहिले काही आठवडे दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक झोपेनंतर बाहेर न्या.

रात्रीचं भटकणं आणि अचानक वाकडी मान

रात्री येरझारा, भिंतीकडे बघत उभं राहणं, कोपऱ्यात अडकणं, ओळखीच्या माणसाला न ओळखणं ही मेंदूच्या ऱ्हासाची लक्षणं असू शकतात. २००१ मधल्या एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत अशी निदान एक तरी खूण दिसली. पण इथेही आधी दुखणं तपासा: ज्याची कंबर दुखते तेही रात्री आडवं पडू शकत नाही. दुखणं नसेल तर दिवसा ऊन आणि हालचाल, ठरलेल्या वेळा, विशेष आहार आणि सेलेजिलिनसारखी औषधं यांनी बऱ्याच कुत्र्यांना फरक पडतो.

आणखी एक प्रसंग आधीच माहीत असावा. एखाद्या सकाळी म्हातारं कुत्रं मान वाकडी करून गोल फिरतं, पडतं, ओकतं आणि डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात. घरच्यांना पक्षाघात वाटतो, आणि त्याच दिवशी त्याला कायमचं झोपवायचं ठरतं. पुष्कळदा हा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा झटका असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो आणि काही आठवड्यांत कुत्रं चालतं-फिरतं होतं. डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या, पण निर्णयाची घाई करू नका.

घाई करायची ती इथे: पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, फुगलेलं पोट आणि उलटी न होता येणारे उमाळे, अचानक कोसळणं, लघवी अडकणं, झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास. शेवटच्यासाठी तब्येत चांगली असतानाच झोपेतले श्वास अधूनमधून मोजून लिहून ठेवा, म्हणजे हृदयाचा बिघाड वाढताना वेळेत कळतो.

शेवटच्या दिवसांची तयारी

दर सहा महिन्यांनी तपासणी आणि घरात एक वही, एवढ्यावर बराच काळ चांगला जातो. वहीत खाणं, पाणी, वजन, चाल, झोप थोडक्यात लिहा. तब्येत हळूहळू घसरते तेव्हा रोज बघणाऱ्याला ती दिसत नाही, वहीत दिसते. कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची मोजपट्टी दिली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे सर्वांत चांगलं; वेदना आटोक्यात असेल तर तिलाही जास्त गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य अजून जगण्याजोगं मानलं जातं. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग एकत्र बसावं. मतभेद कुठे आहेत ते लगेच समजतं. वेदनेचे गुण घसरले तर आधी औषध वाढवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. सगळे उपाय थकले तरच पुढचं बोला.

तो दिवस येईल तेव्हा काय हवं, हे कुत्रं बरं असतानाच ठरवा. डॉक्टर घरी येतात का? शेवटच्या इंजेक्शनआधी गुंगीचं इंजेक्शन देतात का? ते आवर्जून मागा, कारण त्याने कुत्रं आधी गाढ झोपतं आणि पुढचं त्याला कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला नंतर जवळ येऊन हुंगू द्यायचं का, देहाचं काय करायचं, कुणी सोबत थांबायचं? उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि त्याखाली रात्री-अपरात्री उघड्या असलेल्या दवाखान्याचा नंबर.